कॅबिनेटला उदबत्ती

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं निघतात. हत्यारं म्हणजे विळी, पक्कड, दोन पाने, आजोबांची एक करवत जिचे दात आजोबांच्या आधी पडलेत, आणि गेली बरीच वर्षं माझा कॉम्प्युटर. आई त्याला सीपीयू म्हणते. खरं तर सीपीयू म्हणजे आतली ती काडेपेटीच्या आकाराची चिप, पण हे सांगायचं मी कधीच सोडून दिलंय, अख्खा महाराष्ट्र त्या डब्याला, म्हणजे कॅबिनेटला, सीपीयू म्हणतो तर म्हणू दे. तर आई त्या सीपीयूला हळदकुंकू लावते, झेंडू ठेवते आणि वर अक्षता टाकते, आणि वर नेमकी जाळी असते. मागच्या वर्षी एक तांदूळ फॅनमध्ये पडला आणि दसऱ्याच्या सकाळी टर्रर्र असा आवाज यायला लागला, मी म्हटलं संपला, हार्ड डिस्क गेली.

म्हणून या वर्षी आदल्या दिवशीच उघडून साफ करून ठेवायचं ठरवलं. खोटं कशाला बोला, कारण तांदूळ नव्हताच. पुतण्याच्या मुंजीचा व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना मशीन पिठाच्या गिरणीसारखं घरघरायचं आणि पाच मिनिटांत चिपचं तापमान ९८ डिग्री. शंभरच्या जवळ गेलं की चिप जीव वाचवायला स्वतःच स्पीड कमी करते, म्हणजे पंखा कोकलतोय आणि काम मात्र बैलगाडीने चाललंय. मी आधी विंडोजला शिव्या दिल्या, मग सॉफ्टवेअरला, मग रॅम वाढवायची म्हणून किमती बघितल्या. डबा उघडून बघायचं सगळ्यात शेवटी सुचलं.

साइडची काच काढली तर वरवर सगळं बरं दिसत होतं, म्हणजे थोडी राखाडी पावडर, बास. गंमत ही की खरी धूळ दिसतच नाही, ती पंख्याच्या खाली असते. चिपवर तिची उष्णता ओढून घेणारा ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांचा हीटसिंक आणि त्यावर पंखा, त्या दोघांच्या मधे. पंख्याचे चार स्क्रू काढून तो उचलला तर खाली अक्षरशः घोंगडी. एका तुकड्यात निघाली. पंखा वरून जीव तोडून हवा मारतोय आणि खाली घोंगडी पांघरून चिप झोपलीय, ताप येणार नाही तर काय.

ती घोंगडी मी फेकली नाही लगेच, निरखत बसलो (बायको म्हणाली शी, टाक आधी ते). त्यात निळा धागा होता, तो आमच्या गोदडीचा. केस होते, लांब आणि आखूड दोन्ही. समोर दोन वर्षं बिल्डिंगचं काम चालू आहे, त्याची ती सिमेंटसारखी बारीक भुकटी होती. आणि सगळं चिकट होतं, कारण माझं टेबल किचनच्या दारापाशी. फोडणीचं तेल वाफेबरोबर उडतं ते पंख्याच्या पात्यांवर जाऊन बसतं आणि मग त्यावर धूळ अशी धरते की फुंकरीने हलत नाही, ओल्या कपड्यानेच पुसावी लागते. आमच्या घरात गेल्या दोन-तीन वर्षांत काय काय झालं ते सगळं त्या डब्याने गिळलं होतं, बिचारा तक्रार तरी कशी करणार, घरघर करून करत होता तीच.

नव्वदीत आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये चपला बाहेर काढायला लावायचे. गाभाऱ्यात शिरल्यासारखं. एसी मशीनसाठी, माणसांसाठी नव्हे, आणि तास संपला की मॉनिटरला, कीबोर्डला, कॅबिनेटला प्लास्टिकची कव्हरं घालून जायचं. तेव्हा वाटायचं धूळ वरून पडते आणि कव्हर ती अडवतं. आता कळतंय की बंद मशीनवर पडणारी धूळ म्हणजे किरकोळ मामला, मशीन चालू असताना पंखे स्वतःच खोलीतली हवा आत ओढतात आणि तिच्याबरोबर सगळं येतं. आमच्या मावशीने तर त्या कव्हरला लेस लावली होती आणि मशीन चालू असतानाही ते काढायची नाही, दिसायला बरं दिसतं म्हणून.

साफसफाई बाल्कनीत केली. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो हँड ब्लोअर, ५०० वॉटचा, मारला की धुळीचा असा लोट उठला की खालच्या मजल्यावरून "अहो, कपडे वाळत घातलेत" आलंच. ब्लोअर मारताना पंख्यात आइस्क्रीमची काडी अडकवून ठेवायची, नाहीतर तो भन्नाट वेगाने फिरतो आणि बेअरिंगची वाट लागते. ही अक्कल मला एक पंखा घालवून आली. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नये, त्याच्या प्लास्टिकच्या नळीवर स्टॅटिक (स्थिर वीज) तयार होतं. रॅमच्या सोनेरी पट्ट्या शाळेतल्या पांढऱ्या खोडरबरने घासल्या, गल्लीतला रिपेअरवाला वर्षानुवर्षं हेच करतो आणि पैसे घेतो. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, मात्र उघडायचा नाही, प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज साठलेला असतो, बाहेरूनच हवा मारायची आणि नमस्कार करायचा. चिपची उष्णता हीटसिंकला पोचवणारी, पण वाळून खडू झालेली पेस्ट स्पिरिटने पुसून नवी लावली, तुरीच्या दाण्याएवढी. पुन्हा चालू केलं, तोच व्हिडिओ, ७१ डिग्री. मी घरात सगळ्यांना बोलावून आकडा दाखवला, कुणाला काही वाटलं नाही.

पण माझ्या डोक्यात किडा राहिला की एवढी धूळ आलीच कशी, पुढे तर जाळी आहे. मग एका मित्राने सांगितलं, उदबत्ती लाव. मला वाटलं चेष्टा करतोय. पण खरंच, मशीन चालू करून उदबत्तीचा धूर कॅबिनेटच्या फटींपाशी न्यायचा आणि बघायचं. मी मागे कार्डांच्या रिकाम्या पट्ट्यांपाशी नेली तर धूर सरळ आत! काचेच्या कडेला नेली, आत. यूएसबीच्या भोकापाशी नेली, तिथेही आत. म्हणजे माझे तीन पंखे, त्यातले दोन हवा बाहेर फेकणारे आणि एकच आत घेणारा, तोही जाळीमागे गुदमरलेला. बाहेर जास्त जातेय, आत कमी येतेय, मग उरलेली हवा मिळेल त्या फटीतून घुसणार आणि फटीला कसली आलीय जाळी. पुढच्या दाराला कुलूप आणि मागची खिडकी सताड उघडी, असला कारभार.

उपाय फुकटचा होता. वरचा पंखा काढला आणि पुढे लावला, १२० मिलीमीटरचाच, बसला बरोब्बर. पंख्याची हवा त्याच्या मागच्या बाजूने, जिकडे मोटर धरणाऱ्या दांड्या असतात तिकडून बाहेर पडते, हे लक्षात ठेवलं की उलटा बसत नाही. (पहिल्यांदा उलटाच बसवला होता.) वरच्या मोकळ्या जाळीवर खिडकीची मच्छरजाळी कापून लावली, पुढची जाळी नळाखाली धुतली, तिच्यातून निघालेलं पाणी गढूळ चहासारखं. परत उदबत्ती. आता फटीपाशी नेली की धूर बाहेर ढकलला जातो, कुणी आतून फुंकर मारावी तसा. मी अर्धी उदबत्ती संपेपर्यंत हा खेळ खेळत होतो. आता धूळ येणारच नाही असं नाही, पण ती पुढच्या जाळीवर अडकेल आणि जाळी दर महिन्याला नळाखाली धरणं मला जमेल, अख्खं मशीन बाल्कनीत नेऊन खोलणं नाही जमणार.

दुसऱ्या दिवशी आईने पूजा केली. अक्षता टाकल्या, पण आता त्या मच्छरजाळीवर थांबल्या, ती खूश आणि मीही. मग तिने उदबत्ती ओवाळली, सवयीने समोरून, आणि समोर तर आता दोन पंखे. धूर वळून सरळ आत गेला, सगळा.

"बघ," आई म्हणाली, "घेतोय."

धुराचे कण त्या जाळीतून आरामात आरपार जातात हे मला माहीत होतं. मी काही बोललो नाही, साखरफुटाण्यांची वाटी पुढे केली.