तिसरा एसी नको, आधी ड्रेनचा पाइप बघा

मी रत्नागिरीत एसीची कामं करतो आणि माझं तर पक्कं मत आहे की कोकणात एसीची खरी परीक्षा मे मध्ये नाही, जुलैत होते. मे मध्ये मशीन दिवसभर दणकून चालते त्यामुळे लोक खूश असतात. जुलैत बाहेर जेमतेम २६-२७ अंश, पण हवेत नुसतं पाणी भरलेलं.

असाच जुलैत एका बँकेच्या शाखेतून फोन आला, मॅनेजर साहेब म्हणाले दोन एसी पुरत नाहीत, तिसऱ्याचं कोटेशन घेऊनच या. गेलो तर काउंटरवरच्या मॅडम शाल लपेटून बसलेल्या आणि लाइनमधली माणसं रुमालाने मान पुसतायत. मॅडम म्हणाल्या, "दादा, बोटं गारठतात आणि अंग तरी चिकट ते चिकटच, काय करायचं सांगा." फायलींच्या कपाटाला ओलीचा वास, पासबुकं मऊ पडलेली, प्रिंटरमध्ये सारखी अडकत होती.

मीटर लावला तर तापमान २१, आर्द्रता ८२ टक्के. रिमोट २० वर. दोन्ही मशीन दोन-दोन टनाच्या, साध्या, म्हणजे एकतर पूर्ण जोरात नाहीतर बंद, इन्व्हर्टर नाहीत, आणि हॉल एवढासा की पावसाळ्यात एक पुरून उरेल. गॅस बरोबर, फिल्टर साफ. मग मी मागच्या बाजूला जाऊन ड्रेनच्या, म्हणजे एसीचं पाणी बाहेर टाकणाऱ्या पाइपाखाली बाटली धरली आणि पंधरा-वीस मिनिटं उभा राहिलो तरी बूडसुद्धा धड भिजलं नाही. भर पावसात, रत्नागिरीत! तिथेच मला दुखणं कळलं.

काय होत होतं बघा, बाहेर ऊन नाही म्हणजे खोलीत काढायला उष्णता फारशी नाहीच, त्यामुळे एवढ्या मोठ्या मशीन चार-पाच मिनिटांत खोली गार करतात आणि कॉम्प्रेसर कट होतो. पण हवेतलं पाणी आधी कॉइलवर, म्हणजे मशीनमधल्या गार नळ्यांवर जमायला लागतं, मग ट्रेमध्ये, मग पाइपातून बाहेर, त्याला कॉम्प्रेसर सलग चालावा लागतो. इथे कॉइल नुसती ओली व्हायची, कॉम्प्रेसर बंद, पंखा मात्र चालूच, की तेच पाणी वाळून परत खोलीत. म्हणजे गारवा मिळतोय आणि ओल जागच्या जागी. त्यात टॉयलेटचा एक्झॉस्ट दिवसभर चालू, तो जेवढी हवा बाहेर टाकतो तेवढी दमट हवा दाराच्या फटीतून आत येणारच, आणि लोक निथळत्या छत्र्या आत आणून भिंतीला टेकवतायत.

साहेबांना म्हटलं तिसरा लावला तर अजून लवकर कट होईल आणि अजून चिकचिक वाढेल. त्यांना पटेना, साहजिक आहे, आपल्याकडे सगळे एसी म्हणजे आकडाच बघतात. डेन्मार्कच्या ओले फँगर नावाच्या संशोधकाने १९७० मध्येच मांडून ठेवलंय की माणसाला बरं वाटणं सहा गोष्टींवर ठरतं, हवेचं तापमान, भिंती-छताची उष्णता, आर्द्रता, वारा, कपडे आणि आपण किती हालचाल करतो ते. रिमोटवर त्यातली एकच दिसते.

मग एक मशीन सरळ बंद केली, दुसरी २५ वर, पंखा लो, एक्झॉस्ट गरजेपुरता, दाराला रबराची पट्टी, छत्र्यांसाठी बाहेर बादली, आणि फॉल्स सीलिंग करताना काढलेल्या पंख्यांच्या जागी भिंतीवरचे दोन पंखे. अंगावर हलका वारा असला की दोन-तीन अंश कमीच वाटतं. दुपारनंतर मीटरवर २५ आणि ५५ टक्के. आता कोणी म्हणेल तापमान वाढवलं की आर्द्रतेचा आकडा तसाही उतरतो, खरंय, पण इथे ड्रेनला बारीक धार लागली होती, म्हणजे पाणी खरंच बाहेर जात होतं. मॅडमनी शाल घडी करून ठेवली आणि विचारलं, "तापमान वाढवलंत ना? मग बरं कसं वाटतंय?"

साहेब स्वतः मागे येऊन ती धार बघून गेले. कोटेशन मी दिलंच, पण तिसऱ्या एसीचं नाही, जुन्या दोनपैकी एक काढून त्या जागी दीड टनाचा इन्व्हर्टर, जो लोड कमी असला तरी हळू का होईना चालत राहील. वरच्या ऑफिसला ते अजून पटायचंय. तोपर्यंत एकच मशीन चालवा आणि रोज संध्याकाळी ड्रेन बघा असं शिपाईकाकांना सांगून आलोय.