ग्रामसभेचा खेळ रचताना

महाराष्ट्रात 2011 पासून पंचायतींमध्ये निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. तरी खुर्चीवर बाई आणि उत्तरं देणारा सरपंचपती, हे चित्र माझ्या प्रशिक्षणाला येणाऱ्या सगळ्याच सदस्यांच्या ओळखीचं. नियम सांगून कळतात, पण भर सभेत बोलायचं बळ त्यातून येत नाही. म्हणून मी भूमिकांचा खेळ रचायला घेतला.

विषय पाण्याचा ठेवला. विहीर आटलीय, बोअर एकच घेता येणार, ती कुठल्या वस्तीत? हिवरे बाजार या गावानं सिंचनाच्या बोअरवर आणि उसावर बंदी घातली हे बायकांनी ऐकलेलं असतं, त्यामुळे ऊसवाला बोलायला उठला की वाद आपोआप पेटतो.

खरा वेळ गेला भूमिका बांधण्यात. कुणालाच खलनायक करायचं नाही, हे आधीच ठरवलं होतं. प्रत्येकीला तीनच गोष्टी द्यायच्या: आज मला काय हवंय, कशाची भीती आहे आणि माझ्यावर कुणाचे उपकार आहेत. गावातली निम्मी मतं या तिसऱ्या गोष्टीवर फिरतात! सगळ्यांना वाचता येतंच असं नाही, म्हणून भूमिका कानात सांगते. 'थांबा' म्हटलं की खेळ थांबतो, कारण विचारायचं नाही. आणि ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगुस्तो बोआल यांच्या फोरम थिएटरमधली एक रीत घेतली: प्रसंग अडला की बघणारी कुणीही उठून त्या पात्राच्या जागी येते आणि वेगळं वागून बघते.

एकदा एका सदस्येनं सरपंचपती केला. टोपी घातली, खुर्ची सरपंचाला चिकटवली आणि 'मी सांगतो ना' सुरू. सरपंच बोलायला गेली की हा तिच्यापुढची वही ओढून घ्यायचा. बायका पोट धरून हसत होत्या. मी खेळ थांबवून विचारलं, सरपंचाच्या जागी कोण येतंय? मागच्या रांगेतल्या मावशी उठल्या. त्यांनी आधी वही काढून घेऊन मांडीवर ठेवली, मग म्हणाल्या, "तुम्ही गावचे मतदार. तिकडं समोर बसा, पाळी आली की बोला." हसू एकदम थांबलं.

खेळानंतर टोपी काढून ठेवायची, स्वतःचं नाव मोठ्यानं घ्यायचं आणि मगच बोलायला बसायचं. या बोलण्याला मी खेळाइतकाच वेळ राखते. आयोजकांनी जेवणाची घाई केली तरी तो सोडत नाही. ती सदस्या तेव्हा म्हणाली, "ताई, वही ओढायला हात आपसूक गेला. आमच्याकडं असंच होतं." मग महिला सभा ग्रामसभेच्या आधी का घेतात, तिथला ठराव पुढे कसा रेटायचा, हे तिनंच खोदून खोदून विचारलं.

सध्या ग्रामसेवकाची, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याची, भूमिका वाढवतेय. सभेत ठरलं एक आणि लिहिलं गेलं दुसरंच, असं बऱ्याच जणींनी सांगितलं. म्हणून आता खेळातही इतिवृत्त मोठ्यानं वाचून घेतल्याशिवाय सरपंचानं सही करायची नाही.