शेड पाडायच्या कागदावर माझी सही का आहे

उद्यमनगरात चहाला थांबलो, शिरोली एमआयडीसीत कुणाच्या कारखान्यात गेलो, अगदी लग्नाच्या पंगतीत बसलो तरी माझे जुने विद्यार्थी तेच विचारतात. "सर, आपलं वेल्डिंगचं शेड पाडायला सही का केलासा?" मी म्हणतो, रिपोर्टच तसा होता. आणि विषय बदलतो. रिपोर्ट तसा होता हे खरंच आहे. पण विचारणाऱ्याचं समाधान होत नाही हे मला त्याच्या तोंडावर दिसतं, आणि माझंही होत नाही. म्हणून आता सगळं लिहितो.

शेड कसं होतं ते तुम्हाला सांगायला नको, तुम्ही तिथं वर्ष-दोन वर्षं काढलीत. फक्त वर बघायची तुम्हाला सवय नव्हती. छप्पर करवती होतं, करवतीच्या दातांसारखं, आणि काचा सगळ्या उत्तरेला. त्यामुळं फिटरच्या बाकावर थेट ऊन सहसा पडायचं नाही, मार्किंगची रेघ सकाळी दिसायची तशीच चारला दिसायची. उंची एवढी की बूथमधला धूर डोक्यावरून निघून जायचा. आणि छप्पर तोलणाऱ्या लोखंडी कैच्या सगळ्या रिव्हेटच्या. ज्या शेडात वेल्डिंग शिकवलं जायचं, त्याच्या छपराला वेल्डचा एकही सांधा नव्हता.

नवा निदेशक असताना मी त्या कैच्यांकडं बोट दाखवून पोरांना सांगायचो, "हे जुनं काम. आधी भोकं पाडा, रिव्हेट लाल करा, दोघं मिळून ठोका. आपण रॉड लावला की सांधा तयार." किती बॅचना हे ऐकवलं असेल! आज त्या माणसाला समोर बसवून दोन गोष्टी सुनवाव्यात असं वाटतं. पण तो अगदीच चुकीचं सांगत होता असंही नाही.

करवती छपराचं दुखणं म्हणजे पन्हळ. दोन उतारांचं पाणी एकाच पन्हळीत येतं आणि कैच्यांचे पाय नेमके तिच्याखाली. कोल्हापूरचा पाऊस, त्यात पाला आणि कबुतरांची घाण. पन्हळ तुंबली की पाणी कैचीच्या पायावर.

२००५ च्या पुराचा पावसाळा तुमच्यातल्या काहींना आठवत असेल. पाणी ओसरल्यावर मी वर चढून बघितलं, तर चार पायांना गंजाचे पापुद्रे सुटले होते. पन्हळ बदलून द्या म्हणून लेखी मागितलं. पुढच्या वर्षी बघू, असं उत्तर आलं. प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर होती. मी स्वतः वेल्डर, मग थांबायचं कशाला? सहा एमएमच्या पट्ट्या कापल्या, सेट वर नेला, ३.१५ चा रॉड लावला आणि एका रविवारी चारही पायांवर पट्ट्या मारल्या.

तुम्हाला पहिल्या दिवसापासून काय शिकवलं होतं? गंज घासून पांढरं लोखंड दिसल्याशिवाय रॉड लावायचा नाही. मी वर ग्राइंडर नेलाच नाही. वायर ब्रश फिरवला आणि गंजावरच पट्टी बसवली. तीन कडा भरून घेतल्या. वरच्या कडेला पन्हळ आडवी येत होती, होल्डर पोचत नव्हता, म्हणून ती उघडीच ठेवली. वरून रेड ऑक्साइड मारलं. खाली उभ्या पोरांना रन, म्हणजे वेल्डची ओळ, दाखवला, तेव्हा मला अभिमान वाटला होता. तीन बाजू बंद आणि वर उघडं. पन्हळीखाली मी लोखंडाचा खिसाच शिवला होता. आत गेलेलं पाणी बाहेर निघायला वाटच नव्हती.

२०१९ चा पूर गेल्यावर तपासणी लागली. इंजिनिअर परांचीवर चढला, मागोमाग मी. तो छोट्या हातोडीनं प्रत्येक पायावर ठोके मारत चालला होता. ज्या पायांना मी हात लावला नव्हता ते गंजलेले होते, पण ठोक्याला खणखणत होते. माझ्या पहिल्या पट्टीवर ठोका पडला आणि आवाज बद्द आला. मी चिपिंग हॅमर घेतला, कडेनं दोन घाव घातले. पट्टी हातात आली. तिच्या तिन्ही कडांना माझा रन होता, खवले मोजून घ्यावेत इतका सारखा, कुठं अंडरकट, म्हणजे कडेला खाच, नाही. त्या रनला मूळ अँगलचा पातळ पत्रा तेवढा चिकटून आला होता. आतून तपकिरी चिखल निघाला. उरलेल्या जागी व्हर्निअर लावला तर मूळ सहा एमएमचे दोन एमएमही भरेनात.

खाली शिडी धरून एक विद्यार्थी उभा होता. त्यानं पट्टी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि विचारलं, "सर, हे कुणी मारलंय?"

मी म्हणालो, "जुनं असेल कुणाचं तरी."

संध्याकाळी सही केली.

माझ्या बाजूनंही बोलायला आहे. पत्रे ॲस्बेस्टॉस सिमेंटचे होते, तडकलेले, ते कधीतरी उतरवावेच लागले असते. पन्हळ वेळेत बदलली असती तर मला वर चढावंच लागलं नसतं. खाली रोज पोरं उभी असायची, आणि त्यांच्या डोक्यावर दोन एमएमचा भरवसा मी ठेवणार नव्हतो. आज परत विचारलं तरी सही करेन. पण चारच पाय गेले होते, आणि ते चारही मी मारलेले. बाकीचे बघून इंजिनिअर म्हणाला होता, हे दुरुस्त होतील. पट्ट्या मारल्या नसत्या तर शेड आज उभं असतं का? कधी वाटतं, असतं. कधी वाटतं, पन्हळीनं ते पाय तसेही खाल्ले असते.

पाडताना रिव्हेट सुटेनात, सगळे गॅसनं कापावे लागले. भंगार ट्रकमध्ये भरलं आणि काट्यावरून फाउंड्रीला गेलं. नव्या इमारतीला स्लॅब आहे, दिवसाही ट्यूब लावावी लागते. प्रत्येक बूथवर धूर ओढणारं हूड मात्र मी भांडून बसवून घेतलं.

शिडी धरणारा तो पोरगा आता ऊसवाहतुकीच्या ट्रॉल्या बनवतो. परवा त्याच्या शॉपवर गेलो, तर तो एका जुन्या हूकवर ग्राइंडर धरून बसला होता. पांढरं लोखंड निघेपर्यंत थांबला नाही. मग गॉगल वर करून त्यानंही तेच विचारलं, "सर, शेड का पाडू दिलासा?"

त्यालाही मी म्हटलं, रिपोर्टच तसा होता.