‘सोडत का नाहीस?’ असे विचारलेत म्हणून

‘एवढा त्रास आहे तर नोकरी सोडत का नाहीस?’ हा प्रश्न मला इथे गोव्यात माहेरी डिचोलीला विचारतात, सासरी फोंड्याला विचारतात, आणि रात्रपाळीनंतर सकाळच्या कदंब बसमध्ये शेजारी बसलेली अनोळखी बाईसुद्धा, मी सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे असे कळले की, दुसऱ्याच वाक्याला विचारते. पहिले वाक्य ‘सरकारी नोकरी, नशीब काढलेस’ हे असते. जून २०२५ मध्ये बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात आरोग्यमंत्र्यांनी एका डॉक्टरांना सर्वांदेखत कसे सुनावले ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलेच आहे, त्यामुळे दमदाटी आणि अपमान यांवर मी लिहीत नाही. त्याने माणूस दुखावतो. पण सोडून जावेसे वाटते ते त्याने नव्हे, निदान मला तरी.

पैशाचे आधी सांगून टाकते. होय, मी पगारासाठी राहिले. सातव्या वेतन आयोगानंतर माझ्या हातात जे पडते ते खासगी नर्सिंग होममध्ये राबणाऱ्या माझ्या वर्गमैत्रिणीला मिळत नाही, आणि आमच्या घराचे कर्ज त्यावरच फिटले. याची मला लाज वाटत नाही. शिक्षक पगार घेतो तेव्हा त्याच्या निष्ठेची झडती कोणी घेत नाही. सेवा हा शब्द तेवढा आमच्याच गळ्यात का बांधला आहे?

आता ज्यामुळे खरोखर सोडावेसे वाटले ते. काही वर्षांपूर्वी, काजूच्या हंगामात, सत्तरी तालुक्यातली एक बाई आमच्या वॉर्डात माकडतापाने दाखल झाली. बोंडू वेचायला रानात गेलेल्यांना गोचीड चावून हा ताप येतो, हे सत्तरीला २०१५ पासून माहीत आहे. त्यावर नेमके औषध नाही. सलाइन, रक्तदाबावर नजर, कुठून रक्त येत नाही ना याची पाहणी, ताप उतरवणे, तोंडाची निगा, म्हणजे जो काही उपचार आहे तो बहुतेक परिचारिकेच्या हातचा. अशा आजारात आपण डॉक्टरांच्या मागे नाही, पुढे उभ्या असतो, असे मला वाटते, आणि खरे सांगायचे तर त्याचा मला अभिमान आहे.

त्या रात्री आम्ही दोघी होतो, आणि खाली टाकलेल्या गाद्या धरून रुग्ण चाळिसाच्या आसपास. भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण वैद्यकीय शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका आणि इतरत्र पाचांमागे एक असे आहे. ते आम्ही परीक्षेपुरते पाठ करतो. बाईच्या हिरड्यांतून रक्त येत होते. ते ओठांवर सुकून खपली धरत होते, तोंड उघडले की कोपरे चिरत होते, म्हणून ती पाणीही नको म्हणत होती. ओल्या गॉजने खपली हळूहळू सोडवायची, तोंड आतून पुसून घ्यायचे, ओठांना ग्लिसरीन लावायचे, आणि हे दर दोन तासांनी करायचे. नऊ वाजता मी ते नीट केले. तिने दोन घोट पाणी घेतले आणि ‘बरे वाटले गे बाय’ म्हणाली.

मग पक्षाघाताची एक म्हातारी आली. एकीला रक्त चढवायचे होते, आणि रक्त सुरू केले की पहिली पंधरा मिनिटे तिथून हलता येत नाही. दम्याच्या एका मुलीचे ओठ निळे पडू लागले. माकडतापाच्या बाईचा रक्तदाब मी तासातासाला घेतला, चार्टवर मांडला, सलाइनचा वेग पाहिला. मी दंडाला पट्टा बांधू लागले की ती न बोलता तोंड उघडून दाखवत असे, आणि मी ‘आलेच’ म्हणत असे. मी गेले ते पहाटे पाचला.

सकाळच्या फेरीत माझा चार्ट वाखाणला गेला, तो इतरांना दाखवलाही गेला. बाई बरी झाली. जाताना तिच्या मुलाने माझे हात धरून ‘तुम्ही होता म्हणून आई वाचली’ असे सांगितले, आणि ते खोटे नव्हते. तरी मला तिथे उभे राहवेना. माझे चुकले असे कोणी म्हणाल तर मी भांडेन. दम्याच्या मुलीला सोडून ओठ पुसायला जायला हवे होते काय?

फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडले होते की नोकरीतले समाधान आणि असमाधान ही एकाच काट्याची दोन टोके नव्हेत. पगार, वरिष्ठ, नियम, कामाची जागा यांतून असमाधान येते आणि समाधान खुद्द कामातून येते. अभ्यासक्रमात हे वाचले तेव्हा मला इतके पटले की बरीच वर्षे मी तुम्हाला तेच उत्तर देत होते: बाहेरचा त्रास बाहेर, काम माझे. त्या वयातल्या मला आज विचारावेसे वाटते की पाळीला माणसेच नसतील तर काम तरी तुझे कुठे उरते? ती अडचण कामाभोवतीची नाही, ती कामच खाते, आणि हातात चार्ट उरतो. पण नऊ वाजताचे ते दोन घोट पाणी पुढे करून ती तरुणपणची मी आजच्या माझ्याशी वाद घालू शकेल, आणि माझ्यापाशी त्याला तोड नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाने पार थकून रिते होण्याची, नोंद घेताना त्याला आजार म्हटले नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घ ताण नीट न हाताळल्याचा तो परिणाम, असे म्हटले. आमच्याकडे मात्र १२ मे रोजी, परिचारिका दिनाला, गुलाबाचे फूल आणि प्राणायामाचे व्याख्यान मिळते. प्राणायामाला माझी हरकत नाही. श्वास माझा कमी पडत नव्हता एवढेच.

माझी मुलगी यंदा बारावीला आहे आणि तिला बी.एस्सी. नर्सिंगला जायचे आहे. तिला नको म्हणवत नाही, आणि हो म्हणायला जीभ रेटत नाही. मी तिला सांगितले की कुठेही नोकरी धरलीस तर पगाराआधी रात्रपाळीला वॉर्डात किती जणी असतात ते विचार. त्यावर ती म्हणाली, ‘आई, असले प्रश्न मुलाखतीत विचारले तर मला घेतील का?’ घेणार नाहीत, असे मी तिला सांगितले, आणि मग माझ्याच सल्ल्यावरून आमचे जेवण होईपर्यंत भांडण चालले.