वऱ्हाड तीनदा: घरच्या सर्व्हरवरचा नावांचा घोळ

आमच्या नागपुरातल्या मानेवाड्याच्या घरी जिन्याखाली एक जुना असेंबल केलेला पीसी सर्व्हर म्हणून चालतो. डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार), त्यावर सांबा (सर्व्हरवरची फोल्डरं घरातल्या बाकी कंप्युटरांवर दाखवणारा प्रोग्राम), दोन हार्ड डिस्क आणि बर्डीच्या बाजारातून आणलेला एक गिगाबिट स्विच. बाबांचे पेन्शनचे कागद, शेताचा सातबारा, आईची भजनं, घरादाराचे फोटो, सगळं त्यावर. जिन्याखाली अशासाठी की तिथं कूलरची हवा पोचत नाही. नागपूरच्या मे महिन्यात मशीनला उन्हाचा ताप असतोच, पण वाळ्यातून येणारी ओली हवा त्याहून वाईट.

दिवाळीत दादा-वहिनी पुण्याहून आले, त्यांनी आपापलं सामान सर्व्हरवर चढवलं, दादानं सेटिंगमध्येही थोडा हात फिरवला. ते परत गेले आणि तक्रारी सुरू झाल्या. बाबा म्हणाले, "काहून रे, माझ्या फायली कुठी गेल्या?" आईला दादाच्या लग्नाचे निम्मे फोटो सापडेनात. जुन्या डिस्कवरचे फोटो तर कोणालाच दिसत नव्हते.

मी आधी सर्व्हरवर 'डीएफ' ही कमांड चालवून भरलेली जागा बघितली. ती कमी झालेली नव्हती, उलट वाढली होती. म्हणजे पुसलं काहीच गेलं नव्हतं. नावं आणि जागा यांची सांगड तेवढी सुटली होती. हे कळल्यावर निम्मा जीव भांड्यात पडला.

बाबांचं प्रकरण लवकर उलगडलं. सांबाच्या सेटिंग फाइलमध्ये 'होम्स' नावाचा एक खास विभाग असतो. एखाद्यानं शेअरचं, म्हणजे नेटवर्कवर दिसणाऱ्या फोल्डरचं, नाव मागितलं की सांबा आधी फाइलमध्ये त्या नावाचा विभाग शोधतो. तो नसेल तर ते युजरचं नाव समजून त्याचं होम फोल्डर उघडतो. आमच्याकडे 'बाबा' हा युजर पहिल्यापासून होता, म्हणून 'बाबा'वर क्लिक केलं की त्यांचं होम उघडायचं. दादानं त्यांच्या स्कॅन केलेल्या कागदांसाठी नवीन शेअर केला आणि त्याला नाव दिलं 'बाबा'. लिहिलेला विभाग नेहमी वरचढ ठरतो, त्यामुळे होम झाकलं गेलं. फायली होमातच बसून होत्या, फक्त त्यांचं दार दुसरीकडे उघडत होतं. नवीन शेअरचं नाव 'बाबा-कागद' केलं आणि काम झालं. सांबाचं 'नेट यूजरशेअर' वापरून शेअर करायला गेलं असतं, तर युजरच्या नावाचा शेअर त्यानं नाकारला असता. फाइल हातानं लिहिली की असं कोणी अडवत नाही.

जुन्या फोटोंचं कारण याहून साधं, पण डोळ्याला चकवणारं. मुख्य फाइलमध्ये 'फोटोज' हा विभाग इंग्रजी मोठ्या पी-नं लिहिला होता, जुन्या डिस्कच्या पाथसह (पाथ म्हणजे फोल्डरचा डिस्कवरचा पत्ता). दादानं मुख्य फाइलला जोडलेल्या (इन्क्लूड केलेल्या) दुसऱ्या फाइलमध्ये तेच नाव लहान पी-नं, नव्या डिस्कच्या पाथसह. लिनक्सच्या फोल्डरांत लहान-मोठं अक्षर वेगळं धरलं जातं. सांबाच्या शेअरच्या नावांत नाही. त्याच्या लेखी दोन्ही विभाग एकच, आणि नंतर आलेला पाथ आधीच्यावर बसतो. फाइल वाचत बसलं तर हे ध्यानात येत नाही, कारण दोन फायली दोन ठिकाणी. सांबाची 'टेस्टपार्म' कमांड चालवली की सांबाला खरं काय कळलं ते समोर येतं: तिथं फोटोंचा एकच विभाग होता, पाथ नव्या डिस्कचा. माझं मत विचाराल तर शेअरचा कुठलाही घोळ सोडवताना पहिली कमांड हीच. 'जुने-फोटो' आणि 'फोटो' अशी दोन वेगळी नावं केली.

एक ध्यानात ठेवायला हवं. सेटिंग पुन्हा वाचायला लावली तरी आधीपासून उघड्या असलेल्या जोडण्या जुन्याच पाथवर राहतात. आईचा लॅपटॉप नुसता झाकलेला असायचा, बंद कधीच नाही, त्यामुळे तिच्याकडे बदल दिसेना. शिवाय विंडोज एकाच सर्व्हरशी एका वेळी दोन युजरनावांनी जोडू देत नाही, म्हणून बाबांचं लॉगिन आईच्या लॅपटॉपवर तपासायला गेलो की एरर यायचा. विंडोजच्या 'नेट यूज' कमांडला तारा (*) आणि डिलीट देऊन जुन्या जोडण्या तोडल्या. घाई असेल तर एक लॉगिन सर्व्हरच्या नावानं आणि दुसरं आयपी पत्त्यानं करावं. विंडोज त्यांना दोन वेगळे सर्व्हर समजतं.

खरी मजा आईच्या तक्रारीत होती.

दादाच्या लग्नाचं वऱ्हाड नागपूरहून अमरावतीला गेलं होतं, म्हणून फोल्डरचं नाव 'वऱ्हाड'. सर्व्हरवर बघतो तर एकाच जागी तीन 'वऱ्हाड'. अक्षर न् अक्षर सारखं, पुढे-मागे स्पेस नाही, काही नाही. एकाच फोल्डरात एका नावाची तीन फोल्डरं असूच शकत नाहीत, तेव्हा फरक डोळ्याला न दिसणारा असणार. नावं त्यांचे बाइट दाखवणाऱ्या 'हेक्सडंप'मधून काढली आणि सगळा उलगडा 'ऱ्ह'मध्ये झाला.

माझ्या फोल्डरात ऱ हे स्वतंत्र अक्षर होतं, युनिकोडमधलं (जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत) ०९३१. बाइट ई० ए४ बी१. दुसऱ्यात साधा र आणि त्याच्यामागे नुक्ता, म्हणजे अक्षराखालचं टिंब: ई० ए४ बी०, मग ई० ए४ बीसी. तिसऱ्यात र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा जोडक, झेडडब्ल्यूजे, ज्याचे बाइट ई२ ८० ८डी. पडद्यावर तिन्ही 'वऱ्हाड' सारखेच उमटतात, कारण आपला तो अर्धा र काढायचे हे सगळे रस्ते युनिकोडला मान्य आहेत. सर्व्हरच्या डिस्कवरची एक्सटी४ फाइलसिस्टिम (फायली साठवायची पद्धत) मात्र बाइट बघते. तिच्यासाठी ही तीन वेगळी नावं, आणि विंडोजमध्येही ती तीन वेगळी फोल्डरंच राहतात. पुऱ्या, सातबाऱ्या, दुसऱ्या, तऱ्हा, जिथं जिथं हे अक्षर तिथं तिथं हा धोका. इंग्रजी नावं देणाऱ्यांना हा अनुभव कधी येणार नाही.

नुक्तावालं फोल्डर वहिनीच्या मॅकच्या जुन्या बाहेरच्या डिस्कवरून आलं होतं. ती डिस्क एचएफएस प्लस होती, आणि ती फाइलसिस्टिम नावं सुटी करून साठवते, म्हणजे ऱ चा र आणि नुक्ता करते. तिथून आरसिंक या कॉपी करणाऱ्या कमांडनं थेट सर्व्हरवर उतरवलं की सुटी नावं जशीच्या तशी येतात. जोडकवालं आईच्या लॅपटॉपवर टाइप झालेलं. तिथल्या मराठी कीबोर्डातून तो अर्धा र असाच निघतो.

आता यांना हात लावायचा तर कमांडमध्ये नाव टाइप करून उपयोग नाही, कुठलं लिहिलं हे मलाच दिसणार नाही. 'एलएस'ला आय देऊन तिन्हींचे आयनोड क्रमांक (फाइलसिस्टिमनं प्रत्येकाला दिलेला वेगळा क्रमांक) काढले आणि 'फाइंड'ला नावाऐवजी तो क्रमांक देऊन तिन्हींना तात्पुरती इंग्रजी नावं दिली: ए, बी, सी. मगच जीवात जीव आला. आतल्या उपफोल्डरांतली सुटी नावं 'कॉनव्हएमव्ही'नं जोडून घेतली. ही कमांड आधी फक्त काय करणार ते दाखवते, 'नोटेस्ट' हा पर्याय दिला तरच खरं नाव बदलते. हा सावधपणा मला आवडला. जोडकवाली नावं मात्र ती सुधारत नाही, कारण जोडक हा युनिकोडच्या नियमाप्रमाणे वेगळं चिन्ह आहे. ती पर्लच्या 'रिनेम'नं बदलली.

तिन्ही एकत्र करतानाही सरळ ओतून चाललं नसतं. व्हॉट्सअ‍ॅप फोटोला तारीख आणि अनुक्रम देतं, आणि तो अनुक्रम ज्या त्या फोनचा असतो. त्यामुळे लग्नाच्या दिवशीचा 'डब्ल्यूए०००४' दादाच्या फोनवर हळदीचा होता आणि आईच्या फोनवर कुणाचा तरी गुलाबाचं फूल असलेला सुप्रभात संदेश. नाव तेच, फोटो वेगळे. म्हणून आधी प्रत्येक फोटोचा 'एसएचए२५६सम', म्हणजे फाइलच्या आतल्या डेटावरून निघणारा ठसा, काढून जे खरोखर एकसारखे तेवढेच गाळले, आणि ज्यांची फक्त नावं जुळत होती त्यांच्यापुढे फोनवाल्याचं नाव लावलं. सुप्रभात संदेश गाळू का विचारलं तर आई म्हणाली, "राहू दे नं, तुला काय जड जातात का?" राहिले.

जाता जाता आणखी एक मर्यादा कळली. एक्सटी४ वर नाव २५५ बाइटांचं असू शकतं आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना-मात्रा धरून. म्हणजे फार तर ८५ चिन्हं. विंडोजवर चालणारं एखादं लांबलचक मराठी नाव सर्व्हरवर चढतच नाही ते यामुळे. बाबांच्या 'स्वर्गीय आजोबांच्या...' अशा सुरुवातीच्या दोन फायली याच कारणानं अडल्या होत्या.

शेअरची नावं आता सगळी लहान इंग्रजी अक्षरांत आणि युजरच्या नावांपासून वेगळी. आतली फोल्डरं मराठीतच ठेवली, ती बदलायचा प्रश्नच नव्हता. टीव्हीवरचे आणि फोनच्या बॅकअपचे जुने पाथ मोडले, ते एकेक करून पुन्हा भरले. त्यात सांगण्यासारखं काही नाही. वहिनीसाठी आरसिंकची कमांड लिहून पाठवली आहे, 'आयकॉन्व' हा पर्याय घालून, म्हणजे मॅकची सुटी नावं उतरतानाच जोडली जातील. जुन्या मॅकसोबत आलेल्या आरसिंकच्या २.६.९ आवृत्तीत तो पर्याय नाही, नवी आवृत्ती आधी बसवावी लागते. ती वहिनीनं बसवली की नाही ते पुढच्या दिवाळीत कळेल.