अपग्रेड करणाऱ्याला विचारून लिहिलेला चेंजलॉग

कामाच्या वेळात मी दुसऱ्यांनी लिहिलेली पॅकेजेस सर्व्हरवर अपग्रेड करते आणि उरलेल्या वेळात स्वतःची एक छोटी पायथन लायब्ररी सांभाळते. त्यामुळे चेंजलॉग, म्हणजे प्रत्येक आवृत्तीत काय बदललं याची फाइल, मी वाचतेही आणि लिहितेही. वाचताना मला एवढंच हवं असतं: ही आवृत्ती घेतली तर माझं काय मोडेल? याचं उत्तर लगेच सापडलं नाही, तर ती फाइल कितीही लांब असली तरी माझ्या उपयोगाची नाही.

सगळ्यात जास्त खटकतं ते गिटचा, म्हणजे कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाचा, लॉग उचलून तसाच चिकटवणं. कमिटचा, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेल्या एकेका बदलाचा, मेसेज कोड तपासणाऱ्या सहकाऱ्यासाठी लिहिलेला असतो. ‘टेस्ट पुन्हा चालू केली’, ‘आधीचा बदल मागे घेतला’ या ओळींचं वापरणाऱ्याने करायचं काय? एखादं फीचर मंगळवारी आलं आणि गुरुवारी काढून टाकलं, तरी अशा यादीत दोन्ही ओळी दिसतात आणि वाचणारा नसलेली गोष्ट शोधत बसतो. गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटने २०२१ मध्ये रिलीज नोट्स आपोआप तयार करून देण्याची सोय आणली, तीही शेवटी पुल रिक्वेस्टची, म्हणजे बदल सामील करून घेण्याच्या विनंत्यांची, शीर्षकंच मांडते. कच्चा माल म्हणून ती मी रोज वापरते. पण त्यानंतर माणसाने बसून लिहायचं काम शिल्लकच राहतं.

हा फरक जुन्या लोकांना चांगला माहीत होता. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या नियमांत दोन वेगळ्या फाइल आहेत: ‘चेंजलॉग’मध्ये कोणत्या फाइलमधलं कोणतं फंक्शन बदललं याची डेव्हलपरसाठी नोंद, आणि ‘न्यूज’मध्ये वापरणाऱ्याला जाणवतील असे बदल. पहिलं काम आज गिट करतं. म्हणजे आपण ज्याला चेंजलॉग म्हणतो त्याने दुसऱ्या फाइलची जागा घ्यायला हवी.

रचनेसाठी मी ऑलिव्हिए लाकाँ यांचं ‘कीप अ चेंजलॉग’ हे मार्गदर्शन पाळते. अ‍ॅडेड, चेंज्ड, डेप्रिकेटेड (पुढे काढून टाकणार असलेलं), रिमूव्ह्ड, फिक्स्ड, सिक्युरिटी अशी सहा शीर्षकं, सगळ्यात वर अजून प्रसिद्ध न झालेल्या बदलांसाठी ‘अनरिलीज्ड’, आणि तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी. तारखेचा हा आग्रह मला मनापासून पटतो, कारण ०४/०५ म्हणजे चार मे की पाच एप्रिल, हे वाचणारा कुठला आहे यावर ठरतं. फक्त एक बदल मी मुद्दाम करते. तिथली यादी अ‍ॅडेडपासून सुरू होते; मी सिक्युरिटी आणि रिमूव्ह्ड वर घेते. नवं काय आलं हे नंतर वाचलं तरी चालतं.

आता खरा मुद्दा, म्हणजे ओळ कशी लिहायची. समजा, एका फंक्शनचा टाइमआउट (उत्तरासाठी किती वेळ थांबायचं तो आकडा) आधी सेकंदांत होता, तो मिलिसेकंदांत केला. ‘टाइमआउट हाताळणी सुधारली’ असं लिहिलं तर ते खोटं नाही, पण घातक आहे. जुन्या कोडमध्ये ३० लिहिलेलं असेल तर कुठेही एरर येणार नाही. फक्त तीस सेकंद थांबणारी विनंती तीस मिलिसेकंदांत तुटेल, आणि माणूस नेटवर्कमध्ये दोष शोधत राहील. मी ती ओळ अशी लिहीन: ‘टाइमआउट आता मिलिसेकंदांत द्यायचा. आधी ३० देत असाल तर ३०००० द्या. जुना आकडा तसाच ठेवल्यास एरर येत नाही, विनंत्या लवकर तुटतात.’ काय बदललं, कोणाला लागू आहे, काय करायचं आणि न केल्यास काय दिसेल, हे सगळं त्या तीन वाक्यांत येतं. सेमॅंटिक व्हर्शनिंग या आवृत्त्यांना क्रमांक देण्याच्या पद्धतीप्रमाणे मोठा, म्हणजे पहिला, आकडा वाढवला की काहीतरी मोडतंय एवढं कळतं. काय मोडतंय ते शब्दांतच सांगावं लागतं.

पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसच्या मोठ्या आवृत्त्यांच्या नोट्स मी याच कारणासाठी नवीन लोकांना वाचायला देते. तिथे जुन्या आवृत्तीशी न जुळणारे बदल स्थलांतराच्या वेगळ्या विभागात, बदलांच्या लांबलचक यादीच्या आधी येतात.

डेबियन या लिनक्स वितरणातल्या पॅकेजचा चेंजलॉग पहिल्यांदा पाहणाऱ्याला जाचक वाटतो. पॅकेजचं नाव, कंसात आवृत्ती, मग अर्जन्सी (अपग्रेडची निकड), आणि शेवटच्या ओळीत ईमेल व तारीख यांच्यामध्ये बरोबर दोन स्पेस. पण ती फाइल मशीनही वाचतं. ‘क्लोजेस’ लिहून बगचा क्रमांक दिला की पॅकेज संग्रहात पोचल्यावर तो बग बंद होतो. ‘एपीटी-लिस्टचेंजेस’ हे साधन बसवलेलं असेल तर महत्त्वाच्या सूचना अपग्रेडच्या वेळीच समोर येतात. आरपीएम या दुसऱ्या पॅकेज-पद्धतीत पॅकेज कसं बनवायचं ते सांगणाऱ्या स्पेक फाइलमध्ये तारखेशी वार जुळला नाही तरी इशारा मिळतो. इतका काटेकोरपणा प्रत्येक प्रकल्पाला लागत नाही, पण जिथे आहे तिथे तो कारणाने आहे.

एकाहून जास्त लोक काम करत असतील तर एकाच फाइलच्या माथ्यावर सगळे लिहितात आणि मर्ज कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकत्र करताना बदलांची टक्कर, होत राहतात. यावर ‘टाउनक्रायर’ हे साधन मला आवडतं. प्रत्येक बदलासोबत एक छोटी फाइल टाकायची, नावात इश्यूचा (नोंदवलेल्या तक्रारीचा किंवा मागणीचा) क्रमांक आणि बदलाचा प्रकार. रिलीजच्या वेळी ते तुकडे एकत्र होतात. पायथनची पॅकेजेस बसवणारं पिप आणि टेस्ट चालवणारं पायटेस्ट हे प्रकल्प हेच वापरतात. कॉन्फ्लिक्ट टळतात हे आहेच, पण मला मोठा फायदा वेगळाच वाटतो: बदल करणाऱ्याच्या डोक्यात सगळं ताजं असतानाच ती ओळ लिहिली जाते, आणि कोडबरोबर तीही रिव्ह्यूमध्ये तपासली जाते. माझ्याकडे येणाऱ्या पुल रिक्वेस्टमध्ये मी तो तुकडा आधी वाचते. ओळ समजली नाही तर कोड उघडण्याआधीच विचारते.

सुरक्षेच्या नोंदीत सीव्हीई क्रमांक (जाहीर झालेल्या त्रुटीचा ओळख-क्रमांक) आणि कोणत्या आवृत्तीपासून कोणत्या आवृत्तीपर्यंत धोका होता, हे दोन्ही हवंच. आणि मागे घेतलेली आवृत्ती फाइलमधून पुसायची नाही. ‘यँक्ड’ (मागे घेतलेली) अशी खूण करून कारण लिहायचं आणि त्याऐवजी कोणती आवृत्ती घ्यायची तेही तिथेच द्यायचं, कारण ती नोंद शोधत येणाऱ्याच्या सर्व्हरवर बहुधा तीच आवृत्ती चालू असते.