तिकीट कोण काढतंय?

गेल्या वर्षी युरोपातल्या एका संस्थेनं पाणी-व्यवस्थापनाच्या परिषदेला बोलावलं. पाच दिवस, विमानभाडं, राहणं, जेवण सगळं त्यांच्याकडून. सरकारी उपअभियंत्याला अशी पत्रं रोज येत नाहीत. मी आधी घरी सांगून मोकळा झालो आणि मग परवानगीची नस्ती (फाईल) टाकली.

माझी समजूत अशी की सरकारचा रुपया खर्च होत नाही, मग अडचण कसली? वरिष्ठ कार्यालयातल्या कक्ष अधिकारी मॅडम म्हणाल्या, "सरकार पैसे देत असतं तर एवढं विचारलंच नसतं, साहेब."

२०१०च्या एफसीआरए, म्हणजे परकीय योगदान नियमन कायद्याचं कलम ६ तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं. परदेशी पाहुणचार घ्यायचा तर सरकारी नोकर असो, न्यायाधीश असो की आमदार-खासदार, केंद्रीय गृह मंत्रालयाची परवानगी आधी लागते. अर्ज एफसी-२ नमुन्यात, ऑनलाइन, निघण्याच्या दोन आठवडे आधी. माझा एक मित्र संयुक्त राष्ट्रांच्या खर्चानं जाऊन आला होता, त्याला यातलं काही लागलं नव्हतं. म्हणून मी निर्धास्त होतो. पण संयुक्त राष्ट्रं, जागतिक बँक, नाणेनिधी यांना हा कायदा परकीय स्रोत मानतच नाही. माझे यजमान त्या यादीत नव्हते.

हे सगळं कागदाचं काम, होऊन जातं. खरी गोची निमंत्रणपत्राच्या तळाशी होती. तिथं तीन बोधचिन्हं बारीक छापलेली. मॅडमनी मधल्याभोवती पेन्सिलीनं गोल केला आणि विचारलं, "हे कोण?"

प्रवाहमापक बनवणारी कंपनी. आमच्या निविदांमध्ये तिचा वितरक असतो, आणि दोनच वर्षांपूर्वी तिच्या मीटरच्या तपासणी अहवालावर माझी सही झालेली. खरं सांगतो, कान गरम झाले. वर्तणूक नियमांत फुकटचा प्रवास आणि मुक्काम हीसुद्धा भेटच धरतात, हे मला माहीत होतं. फक्त ते मला लागू होईल असं वाटलं नव्हतं.

यजमानांना मेल केला: कोण काय भरतंय ते वेगवेगळं लिहून द्या. उत्तर नऊ दिवसांनी. मुक्काम संस्थेचा, विमानाचं तिकीट कंपनीचं. मी तिकीट नाकारलं आणि परिषद हातची गेली असं धरून चाललो. चार दिवसांनी संस्थेनं स्वतःच्या निधीतून साधं इकॉनॉमी तिकीट द्यायचं कबूल केलं. नवं पत्र, नवी टिपणी, मग एफसी-२, शिवाय परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय मंजुरी वेगळी. परवानगी हातात पडली ती विमानाच्या दोन दिवस आधी.

तिथं दुसऱ्या रात्री जेवणाच्या वेळी कंपनीचा माणूस शेजारी येऊन बसला. कार्ड दिलं, हसला. "तुमचं तिकीट आम्हीच काढणार होतो, राहून गेलं."

परतल्यावर दौऱ्याच्या अहवालात बोर्डिंग पासांबरोबर ते कार्डही टाचलं.